कराड दक्षिणचा इतिहास: आमदारांची यादी आणि मतदारसंघाची शीव

प्रश्न कराड तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकांचा आहे. गावच्या वाचनालयासाठी त्यांना कराड दक्षिण विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायचाय. ते विचारतात: १९५२ पासून इथे फक्त चारच आमदार कसे झाले? यशवंतराव चव्हाणांच्या या मतदारसंघात भाजप कसा आला? आणि आमदारांच्या यादीपलीकडचं काही शोधायचं तर कुठे?

मी कराडमध्ये बातमीदारी करत आलोय. मतमोजणीच्या टेबलाशेजारी उभं राहून फेरीमागून फेरी आकडे उतरवणं हा धंदाच. तेव्हा जरा ऐसपैस सांगतो.

पहिलं म्हणजे यशवंतराव चव्हाणांना या यादीतून बाहेर काढा. कराड म्हटलं की चव्हाणसाहेब, हे इतकं डोक्यात बसलंय की चांगली शिकलीसवरलेली माणसंही कराड दक्षिणला 'साहेबांचा मतदारसंघ' म्हणून मोकळी होतात. साहेब विधानसभेला उभे राहायचे ते शेजारच्या कराड उत्तर मतदारसंघातून. १९५७ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, आणि कराड उत्तरमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) केशवराव पवारांनी त्यांना असा घाम फोडला की मताधिक्य दोन हजारांच्या आत आलं. उत्तर सातारा लोकसभेला तर थेट क्रांतिसिंह नाना पाटील निवडून गेले. मुख्यमंत्र्यांच्या दारात ही अवस्था, तर शेजारच्या दक्षिणेत काय असेल? दक्षिणेत समितीचाच माणूस होता, आणि तो पाच वर्षं आधीपासून आमदार होता. रेठरे बुद्रुकचे यशवंतराव मोहिते. दोघंही यशवंतराव, दोघंही कराड तालुक्यातून विधानसभेवर. अर्धा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मोहित्यांना सगळे भाऊ म्हणायचे. १९५२ ला भाऊ शेतकरी कामगार पक्षाकडून निवडून आले, ५७ ला पुन्हा तिथूनच. शेकाप इथे कुणी बाहेरून आणून लावलेला पक्ष नव्हता. बेचाळीसनंतरच्या प्रतिसरकारात कृष्णाकाठानं जी माणसं घडवली, त्यातल्या बऱ्याच जणांना स्वातंत्र्यानंतरची काँग्रेस आपली वाटेना. ती शेकापकडे गेली, काही कम्युनिस्टांकडे गेली. मग संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर भाऊ काँग्रेसमध्ये आले, आणि मतदारसंघही त्यांच्या पाठोपाठ काँग्रेसमध्ये आला. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहितोय. आज आपण कराड दक्षिणला 'काँग्रेसचा बालेकिल्ला' म्हणतो, पण पहिली दोन टर्म इथे काँग्रेस पडत होती. लोकांनी पक्ष निवडला नाही, माणूस निवडला; माणसानं पक्ष बदलला तसा गाव-गाव त्याच्यामागे गेला. पुढे भाऊ राज्यात मंत्री झाले. १९७२ ला सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेशी (कापूस फक्त सरकारी यंत्रणेनंच विकत घ्यायचा) त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. गंमत बघा, स्वतःचा मतदारसंघ उसाचा आणि नाव झालं विदर्भ-मराठवाड्याच्या कापसात. १९८० ला ते कराडमधून लोकसभेवर गेले आणि विधानसभेला दुसरा माणूस लागला.

तो दुसरा माणूस म्हणजे विलासराव पाटील उंडाळकर. विलासकाका. १९८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४ आणि २००९. सलग सात वेळा. म्हणजे १९५२ ते २०१४ या बासष्ट वर्षांत दोनच आमदार. एवढं ऐकून पुण्या-मुंबईचे पत्रकार 'निष्ठावान मतदार' वगैरे लिहून जातात. मला ते पटत नाही. इथला मतदार इतका सरळ असता तर गावच्या कर्ज देणाऱ्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत एकाच घरात दोन पॅनेल झाली नसती. कारण दुसरीकडे आहे, आणि ते नकाशावर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही.

जुन्या कराड दक्षिणचे दोन तुकडे होते. पूर्वेला कृष्णाकाठ: रेठरे, शेरे, शेणोली, वडगाव हवेली हा पट्टा. काळी जमीन, पाणी, ऊस आणि शिवनगरचा कृष्णा साखर कारखाना. पश्चिमेला दक्षिण मांड आणि वांग नद्यांची खोरी: ओंड, उंडाळे, येणपे, येवती, कोळे. डोंगरउतार, विखुरलेल्या वाड्या, पावसावरची शेती आणि मुंबईची मनीऑर्डर. भाऊ कृष्णाकाठचे, काका मांडच्या खोऱ्यातले. १९८० ला आमदारकी रेठऱ्यातून उंडाळ्याला गेली म्हणजे ती बागायतीतून जिरायतीत गेली. या बदलाकडे लिहिणाऱ्यांनी फार कमी लक्ष दिलंय. तुमच्या टिपणाचा खरा कणा मला विचाराल तर हाच आहे.

काकांनी काय केलं? ज्यांच्या शेतात ऊस नाही त्यांना कारखान्याच्या सभासदत्वावर बांधता येत नाही. त्यांच्या गोठ्यात म्हैस असते. कोयना दूध संघ, गावोगावच्या विकास सोसायट्या, सातारा जिल्हा मध्यवर्ती बँक या वाटेनं त्यांनी वाडी-वाडीवर माणूस उभा केला. सकाळी दूध घालायला येणारा शेतकरी आणि मतदानाला येणारा शेतकरी एकच, आणि दोन्ही ठिकाणी हिशेब ठेवणारा कार्यकर्ताही बहुतेक एकच. रयत कारखाना शेवाळेवाडीला उभा राहिला तो नंतर. शिवाय डोंगरी भागाचा निधी, तलाव, रस्ते हा त्यांचा कायमचा विषय. मंत्री असतानाही माणूस गावात बसून अर्ज वाचायचा. विरोधकही हे नाकारत नाहीत.

तिकडे पूर्वेला काय चाललं होतं? भाऊंचे बंधू जयवंतराव भोसले, म्हणजे आप्पा, कृष्णा कारखान्याचे कारभारी. १९८९ च्या कारखाना निवडणुकीत दोन भाऊ समोरासमोर आले आणि आप्पांची सत्ता गेली. त्या दिवसापासून मोहिते-भोसले हा वाद कृष्णाकाठच्या प्रत्येक घरात शिरला. कारखान्याचे सभासद वाळवा तालुक्यातही आहेत, म्हणजे भांडणाची शीव जिल्ह्याच्या शिवेपलीकडे गेली. पण विधानसभेपुरता त्याचा अर्थ एवढाच: पूर्व भाग दोन ठिकाणी फुटलेला आणि पश्चिम भाग एका काकांमागे गठ्ठ्यानं उभा. सात टर्मचं गणित यातच बरंचसं सुटतं. जिरायतीची मतं बागायतीपेक्षा जास्त होती म्हणून काका जिंकत नव्हते. जिरायतीची मतं फुटत नव्हती म्हणून जिंकत होते. हे माझं मत आहे, तालुक्यात याच्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्यांनाही जरूर विचारा.

आता शिवेकडे येऊ. मतदारसंघ कायमचा नसतो. १९७१ च्या जनगणनेवरून जी पुनर्रचना झाली तिच्या हद्दी १९७८ च्या निवडणुकीपासून २००४ पर्यंत चालल्या. महाराष्ट्राच्या जागा तेव्हा २७० च्या २८८ झाल्या आणि त्या आजही २८८ च आहेत. नंतर घटनादुरुस्तीनं जागांची संख्या गोठवली, पण २००१ च्या जनगणनेनुसार हद्दी बदलायला मुभा दिली. तो आदेश २००८ ला आला आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दीवर झाली. सातारा जिल्ह्याच्या दहा जागांच्या आठ झाल्या, सांगलीच्या नवाच्या आठ. आपल्याकडचे जावळी आणि खटाव मतदारसंघ पुसले गेले, सांगलीत कवठेमहांकाळ तासगावला जोडला गेला. आरक्षणही फिरलं: माण खुला झाला आणि फलटण अनुसूचित जातींसाठी राखीव, तिकडे जत खुला आणि मिरज राखीव. जावळीचा मेढ्याकडचा भाग साताऱ्याला जोडला, महाबळेश्वरकडचा वाईला. तिथले दोन वेळचे आमदार शशिकांत शिंदे यांना बस्तान उचलून कोरेगावला जावं लागलं. मतदारसंघ पायाखालून गेला की आमदाराचं काय होतं, त्याचं याहून ठळक उदाहरण जिल्ह्यात नाही.

कराड दक्षिणचं नाव राहिलं, पण आतून ते बदललं. २००४ पर्यंत कराड शहर उत्तरेत होतं. पी. डी. पाटलांचं, सह्याद्री कारखान्याचं, नगरपालिकेचं राजकारण उत्तरेचं. २००८ नंतर शहर दक्षिणेत आलं. उत्तरेला त्याबदल्यात रहिमतपूर, पुसेसावळी, सातारा तालुक्यातली काही गावं असा चार तालुक्यांचा गोधडीसारखा मतदारसंघ मिळाला. त्यामुळे तुम्ही २००४ आणि २००९ चे 'कराड दक्षिण'चे आकडे एकाखाली एक मांडून टक्केवारी काढणार असाल तर थांबा. नाव एक असलं तरी ते दोन वेगळे मतदारसंघ आहेत. मी वाचलेल्या निम्म्या विश्लेषणांत हा घोळ आहे.

शहर आल्यानं मतदार कोण आला? व्यापारी पेठ, नोकरदार, मलकापूरच्या बाजूला वाढलेल्या कॉलन्या, कॉलेज-दवाखान्यांवर जगणारी माणसं. दूध संघाचं पासबुक नाही, कारखान्याचा शेअर नाही. अशा मतदाराला सोसायटीचा सचिव बूथवर आणू शकत नाही. २००९ ला काका सातव्यांदा निवडून आले खरे, पण त्यांच्या राजकारणाची जी यंत्रणा होती तिच्या आवाक्याबाहेरचा एक मोठा भाग आता मतदारसंघात होता.

२०१४ ला ते उघड झालं. पृथ्वीराज चव्हाण २०१० च्या नोव्हेंबरपासून मुख्यमंत्री होते, पण विधान परिषदेवरून. लोकसभेला ते कराडमधून तीनदा जिंकले होते, १९९९ ला श्रीनिवास पाटलांकडून हरले. वडील आनंदराव आणि आई प्रेमलाताई दोघंही कराडचे खासदार. पण विधानसभेची थेट निवडणूक त्यांनी कधी लढवली नव्हती, आणि २००८ च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मतदारसंघच संपला होता. त्यांनी दक्षिण निवडली. काकांची उमेदवारी गेली, ते अपक्ष उभे राहिले. तिसरे आप्पांचे नातू अतुल भोसले, भाजपकडून. सप्टेंबरात काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही तुटली होती आणि भाजप-शिवसेनेची युतीही. म्हणजे जिरायतीचे काका, बागायतीचे अतुलबाबा आणि शहराला जवळचे वाटणारे पृथ्वीराजबाबा. (दोघांनाही कार्यकर्ते 'बाबा'च म्हणतात. त्या काळात चहाच्या टपरीवर 'कोणते बाबा?' विचारल्याशिवाय गप्पा पुढे सरकत नसत.) निकाल असा: चव्हाण ७६,८३१, उंडाळकर ६०,४१३, भोसले ५८,६२१. फरक १६,४१८. मुख्यमंत्रिपदावरून नुकताच उतरलेला माणूस, आणि पहिल्या तिघांच्या मतांतलेही चाळीस टक्के त्याला मिळाले नाहीत. बालेकिल्ला म्हणायचं ते याला का?

२०१९ ला चव्हाण ९२,२९६, भोसले ८३,१६६, आणि काकांचे चिरंजीव उदयसिंह अपक्ष २९,४०१. फरक ९,१३० वर आला. तेव्हा तालुक्यात एक हिशेब रूढ झाला: चव्हाण आणि उंडाळकर एकत्र आले तर १,२१,६९७, मग भोसले कुठून येणार? २०२० च्या शेवटी दोन्ही गटांचं मनोमिलन झालं. काका ४ जानेवारी २०२१ ला गेले. २०२४ ला उंडाळकर गट चव्हाणांबरोबर होता. आणि काय झालं? अतुल भोसले १,३९,५०५, पृथ्वीराज चव्हाण १,००,१५०. फरक ३९,३५५.

या आकड्यांपाशी जरा थांबा. एकत्र आलेल्या दोन गटांची मतं बेरजेपेक्षा २१ हजारांनी कमी झाली. भोसलेंची ५६ हजारांनी वाढली. प्रमुख उमेदवारांची एकूण मतं बघितली तर २०१९ पेक्षा २०२४ ला साधारण ३५ हजारांनी जास्त पडली, म्हणजे नव्यानं आलेली सगळी मतं भोसलेंना गेली असं धरलं तरी भागत नाही. समोरच्या गोटातूनही त्यांनी वीस हजारांवर ओढली. काकांना मिळणारं मत काकांच्या वैऱ्याकडे आपोआप जाणारं नव्हतं, हे एक. दोन निवडणुका ज्यांच्याविरुद्ध बूथवर भांडलो त्यांच्याच चिन्हावर शिक्का मारा असं वरून सांगून खालचा कार्यकर्ता हलत नाही. दुसरं, २०२४ ला जिल्ह्यातच वारं वेगळं होतं. साताऱ्याच्या आठही जागा महायुतीला गेल्या, शेजारी कराड उत्तरमध्ये १९९९ पासून न हरलेले बाळासाहेब पाटीलही पडले. लाडकी बहीण, मराठा-ओबीसी, मतयंत्र, ज्याला जे कारण सोयीचं ते तो सांगतो. मी फक्त एवढं म्हणेन की लाटेनं सगळं झालं असं लिहून दक्षिणेचा विषय संपवू नका. कृष्णा कारखाना, कृष्णा रुग्णालय आणि पक्षाची सत्ता हे तिन्ही एका घरात, आणि बागायत पट्टा पूर्वीइतका फुटलेला नाही, ही स्थिती या मतदारसंघात आधी कधी नव्हती. १९८० ला रेठऱ्यातून गेलेली आमदारकी २०२४ ला पुन्हा रेठऱ्याच्याच घराण्यात आली, फक्त मोहित्यांऐवजी भोसल्यांकडे.

आता शोधायचं कुठे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर १९५१-५२ पासूनच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल आहे. पण १९५२ आणि ५७ साठी 'महाराष्ट्र' शोधू नका, 'मुंबई राज्य' शोधा. जिल्हाही 'सातारा' नव्हे, 'उत्तर सातारा'. १९४९ ला संस्थानं विलीन झाल्यावर जुन्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले होते. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं ते १९६० च्या नोव्हेंबरात. दुसरी खुबी: या अहवालांत पोटनिवडणुका नसतात. पाटणला बाळासाहेब देसाईंनंतर १९८३ ला विक्रमसिंह पाटणकर आले, सांगलीत १९८६ ला संभाजी पवार आले, तासगावला २०१५ ला सुमनताई पाटील आल्या, त्या सगळ्या पोटनिवडणुका. नुसत्या सार्वत्रिक अहवालांवरून यादी केली की अशी माणसं निसटतात. आणि १९७२ नंतर थेट १९७८ दिसलं तर पान गहाळ झालंय असं समजू नका. आणीबाणीत विधानसभेची मुदत वाढली होती.

जुन्या मतदारांशी बोलताना पहिल्या दोन निवडणुकांबद्दल मुद्दाम विचारा. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदारानं कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडीची पेटी कुठे होती आणि शेजारी कुणाची, हे सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. शिक्क्याची पद्धत आपल्याकडे १९६२ च्या निवडणुकीत आली.

हद्दीसाठी २००८ चा पुनर्रचना आदेश मिळवा. त्यात मतदारसंघाचं वर्णन तालुका, महसूल मंडळ, नगरपालिका अशा भाषेत असतं, गावांची नावं नसतात. कुठलं गाव कोणत्या मंडळात हे तलाठ्याकडून किंवा तहसीलमधून जुळवून घ्यावं लागेल. आणि खरा खजिना म्हणजे फॉर्म २०. मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. आडव्या ओळीत केंद्राचा क्रमांक, उभ्या रकान्यांत प्रत्येक उमेदवार, शेवटी नोटा. दिसायला रूक्ष तक्ता, पण येवतीच्या केंद्रावर काय झालं आणि रेठऱ्याच्या केंद्रावर काय झालं हे फक्त तिथेच दिसतं. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत पुढे-मागे होतात, म्हणून क्रमांकावरून नव्हे, शाळेच्या नावावरून जुळवा. २०१४, २०१९ आणि २०२४ हे तिन्ही तक्ते एकाच हद्दीवरचे आहेत, त्यामुळे त्यांची तुलना बिनघोर करता येते. खोरे, कृष्णाकाठ, शहर-मलकापूर असे तीन रंग देऊन केंद्रं भरा. वर मी जे तर्क केलेत ते तपासायचे असतील तर ते या तक्त्यावर तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

हे काम लवकर करा. जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, आणि जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. पुढची पुनर्रचना झाली की कराड दक्षिण नावाचं जे काही उरेल त्याची शीव वेगळी असेल. जुन्या निवडणुकांचे केंद्रनिहाय आकडे आजच सहज हाती लागत नाहीत. तेव्हा या तीन निवडणुकांचे फॉर्म २० उतरवून छापील प्रत वाचनालयात ठेवा, आणि सोबत केंद्र कुठल्या गावाचं हे लिहिलेली यादीही बांधून टाका.